पाणी न धरणारं तळं : दाजीपूरच्या वाटेवरचं एक प्रकरण

राधानगरीहून दाजीपूरकडे जाताना डाव्या अंगाला जो डोंगरउतार लागतो, त्याच्या मध्यावर एका कुटुंबानं शेततळं खणलं. तोंडाशी १५ मीटर बाय १५ मीटर, खोली ३ मीटर, बाजू पंचेचाळीस अंशांत उतरत्या. हिशेबानं ४ लाख ४० हजार लिटर पाणी. वरच्या ओघळीचं पाणी वळवून आत घेतलं होतं, त्यामुळं आषाढातच ते भरलं. दसऱ्याला काठोकाठ होतं. आणि दिवाळीच्या पाडव्याला वाडीतल्या पोरांनी त्याच तळ्याच्या तळात क्रिकेट मांडलं होतं.

मी कोल्हापुरात कृषीच्या मुलांना मृदाशास्त्र शिकवतो. या घरची सून माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा फोन आला तो रागातच. "सर, आमच्याकडं पाऊस काय कमी पडतोय काय? गगनबावड्याच्या शेजारचं गाव आमचं. कोल्हापुरात हजारभर मिलिमीटर पडतो, हितं त्याच्या चौपट-पाचपट. आणि तळ्यात कार्तिकात थेंब न्हाई. मामा रोज मला टोचून बोलत्यात." मामा म्हणजे तिचे सासरे. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणतो.

गेलो तेव्हा प्रत्येकाकडं आपापलं कारण तयार होतं. शेजाऱ्याच्या मते खेकड्यांनी बांध पोखरला. जेसीबीवाल्याच्या मते खाली खडकाला भेग पडली, त्यात त्याचा काही दोष नाही. एक जण म्हणाला, ऑक्टोबरचं ऊन बघा की, सगळं आटून गेलं. हे शेवटचं कारण आधी निकालात काढलं, कारण त्याला फक्त हिशेब लागतो. आपल्याकडं ऑक्टोबरात उघड्या पाण्यातून दिवसाला ५-६ मिलिमीटर वाफ होते. वीस दिवसांत फार तर १२ सेंटिमीटर पातळी उतरेल. इथं रोज जवळपास तेवढी, म्हणजे १५ सेंटिमीटर उतरत होती. सुनेनं बांबूला खुणा करून रोजची पातळी लिहून ठेवली होती, म्हणून हे बोलता येतं. नाहीतर आपल्याकडं "लई भराभर गेलं" यापलीकडं नोंद नसते.

खेकड्यांची बिळं होती, पण बांधाच्या वरच्या हातभरात. पातळी त्यांच्याखाली गेल्यावर गळती थांबायला हवी होती. ती थांबली नाही. आबा एवढंच म्हणाले, "मातीच पाण्याची न्हवं ती. रानाची हाय." तेव्हा मला ते जुन्या माणसाचं मोघम बोलणं वाटलं.

खड्ड्याशेजारी खड्डा

तळ्याच्या भिंतीकडं बघून थर वाचता आले नसते. जेसीबीच्या बकेटनं त्या लिंपल्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. म्हणून दहा पावलांवर, मालकीच्या रानाच्या कडेला, दीड मीटर खोल खड्डा हातानं खणून घेतला. एक बाजू उभी, उन्हाकडं तोंड करून. मग त्या बाजूवर चाकूच्या टोकानं खरवडत वरून खाली यायचं. माती कापायची नाही, उचकटायची. कापली की तिची घडण दिसत नाही.

अगदी वर पाचोळा. हिरडा, जांभूळ, अंजन, मधेमधे कारवीची पानं. मे महिना असूनही जाडी जेमतेम तीन-चार बोटं. त्याखाली अर्धवट कुजलेला, बुरशीचे पांढरे धागे असलेला पापुद्रा, तो बोटभरही नाही. एवढं दाट रान, एवढी पानगळ आणि साठा इतका कमी, याचं कारण वाळवी, गांडुळं आणि पाऊस. इथं पडलेलं पान एका पावसाळ्यात जिरून जातं.

मग १८ सेंटिमीटरपर्यंत गडद तपकिरी माती. मुठीत दाबून सोडली की शेंगदाण्याच्या कुटासारखी मोकळी होते. बारीक मुळ्यांचं जाळं इतकं की ढेकूळ उचललं तर ते मुळ्यांनाच लोंबतं. अशा मातीच्या घनफळात निम्मी जागा पोकळीची असते. त्यातल्या मोठ्या पोकळ्या पाणी खाली सोडतात, बारीक पोकळ्या धरून ठेवतात.

१८ ते ७० सेंटिमीटर हा सगळ्यांत जाड आणि माझ्या मते या प्रकरणातला मुख्य थर. तांबूस, गेरूकडं झुकणारा. ढेकळं बोराएवढी ते सुपारीएवढी, कडा किंचित बोथट. जुन्या मुळ्या कुजून राहिलेल्या नळ्या, वाळवीच्या कोठड्या, एका ठिकाणी बोट जाईल एवढं उभं भोक थेट खाली गेलेलं. इथं मी विद्यार्थिनीला नेहमीची परीक्षा दिली : माती ओली करून अंगठ्यानं पट्टी काढ. पट्टी बोटभर निघाली आणि तुटली. "पोयटा," ती म्हणाली. मी म्हटलं, आता तीच माती पाच मिनिटं चोळत राहा. चोळता चोळता ती लोण्यासारखी चिकट व्हायला लागली आणि पट्टी लांबत गेली. नमुना प्रयोगशाळेत कण सुटे करणारं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून, नीट घुसळून मोजला तेव्हा चिकणकण, म्हणजे मातीतले सगळ्यांत बारीक कण, ३६ टक्के निघाले. साध्या पोयट्यात ते २७ टक्क्यांच्या वर नसतात.

म्हणजे हाताला पोयटा आणि मोजमापात चिकण-पोयटा. ही लबाडी लोहाची आहे. तांबड्या मातीत लोहाचे ऑक्साइड चिकणकणांना डिंकासारखे चिकटवून त्यांचे बारीक रवे करतात. रवा रव्यासारखाच वागतो. त्यांच्यामधून पाणी सरसर जातं. त्यात इथला चिकण मुख्यतः केओलिनाइट जातीचा, जो पाणी पिऊन फुगत नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानातला चिकण वेगळा. तो पावसात फुगून आपली भोकं आपणच बुजवतो, उन्हाळ्यात हातभर भेगाळतो. कोल्हापूरच्या तालमीतला हौदा ज्यानं पाहिलाय त्याला तांबडीचा हा स्वभाव ठाऊक आहे : चाळलेली माती, तेल, हळद, ताक, लिंबू, आणि रोज खोऱ्यानं उकरली की पुन्हा मोकळी. काळ्या मातीचा हौदा करून बघा कुणी, पहिल्या पावसात पैलवान रुतेल.

७० ते ११० सेंटिमीटरमध्ये दगड वाढत गेले. एक तृतीयांश तरी दगड-खडी, सगळे टोकदार, काही जांभ्याचे, बाकी काळ्या फत्तराचे. हा थर जागच्या जागी झालेला नाही. वरच्या सड्यावरून आणि कड्यावरून घरंगळत, पावसात सरकत आलेला हा राडारोडा आहे. मोठं-लहान एकत्र, निवड नाही, घडी नाही.

११० च्या खाली मुरूम. हिरवट-करडा-पिवळा, कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यानं सुटणारा, मधे नारळाएवढा न कुजलेला फत्तराचा गड्डा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा हा खडक. मुरमातल्या सांध्यांवर काळा, चकाकता लेप होता मँगनीजचा. पाणी या सांध्यांतून नेमानं ये-जा करतं याची ती खूण.

जे दिसलं नाही तेही तितकंच महत्त्वाचं. पूर्ण दीड मीटरमध्ये कुठंही करडे-निळसर डाग नाहीत, की करड्यात गंजाचे ठिपके नाहीत. माती महिनोन्‌महिने पाण्यात बसली की हवा संपते, लोहाचा रंग विरघळतो आणि असे डाग पडतात. चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेऊन ज्या मातीत एकही डाग नाही, ती एकाही पावसाळ्यात फार दिवस बुडालेली नाही. आबांचं "रानाची माती" म्हणजे हे होतं.

न्यू हॅम्पशायरहून आलेला फोटो

सुनेचा धाकटा दीर अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यात वनशास्त्र शिकतो. आमच्या खड्ड्याचा फोटो तिनं त्याला धाडला, तर त्यानं उलट आपल्या शिबिरातल्या खड्ड्याचा धाडला. तो फोटो मी आता वर्गात वापरतो.

वर दाट, स्पंजासारखा पाचोळ्याचा गालिचा, सूचिपर्णी झाडांच्या सुया आणि मॅपलची पानं. थंडीत कुजणं मंद, म्हणून साठा जाड. त्याखाली चुलीतल्या राखेच्या रंगाची, फिकट करडी पट्टी. तिच्याखाली एकदम गंजाचा, तांबूस-तपकिरी थर. मग तो पिवळट होत होत खाली ऑलिव्ह-करड्या दगडगोट्यांच्या मातीत विरतो. करड्या पट्टीला बघून आमच्या मुलांना वाटतं की कुणी राब जाळलाय. पण ती राख नाही. सुयांतून झिरपणारी आम्लं तिथून लोह आणि अॅल्युमिनियम धुऊन नेतात, उरते उघडी वाळू. धुतलेलं ते खालच्या थरात जाऊन बसतं, म्हणून तो गंजलेला दिसतो. आपल्याकडं उलट : उष्ण पावसानं सिलिका वाहून गेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागं राहिले. याच डोंगररांगेत बॉक्साइट सापडतं, ते त्या प्रक्रियेचं शेवटचं टोक.

खालची दगडगोट्यांची माती हिमनदीनं आणलेली. हिमयुगात त्या भागावर इतका बर्फ होता की माउंट वॉशिंग्टन हे १,९१७ मीटरचं, आपल्या कळसूबाईपेक्षा उंच शिखरही त्याखाली गाडलं गेलं होतं. बर्फ सरकताना ग्रॅनाइट, शिस्ट, जे सापडेल ते खरवडत, दळत, वाहत आला आणि वितळताना तिथंच टाकून गेला. दळण्याच्या पिठापासून हत्तीएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकत्र. या अर्थानं ते आणि आमचा ७० सेंटिमीटरखालचा राडारोडा चुलत भाऊ. दोन्ही परक्या जागेहून आलेले, दोन्ही न निवडलेले. फक्त तिथल्या दगडांच्या कडा घासून गोलसर झालेल्या आणि काहींवर ओरखडे, आपले टोकदार. तिथला माल चौदा-पंधरा हजार वर्षांचा, म्हणजे मातीच्या हिशेबानं कालचा. अभ्रक अजून चमकतं.

सुनेनं मग अवघड प्रश्न विचारला. "भाऊजी म्हणत्यात तिथली पण माती पोयटा, पण निचऱ्याची, पण जंगलाखालची. मग तिथं शेताशेतात तळी हायत ती कशी राहत्यात?"

उत्तर दिराच्या पुढच्या मेसेजात होतं. त्यानं लिहिलं होतं की साधारण कमरेएवढं खाली गेलं की फावडं ठण्णकन वाजतं. हा बर्फाच्या वजनाखाली दाबला गेलेला थर. वर मोकळा पोयटा, खाली जवळजवळ विटेसारखी घट्ट फरशी. न्यू हॅम्पशायरची राज्य-मृदा म्हणून ओळखली जाणारी 'मार्लो' माती याच घडणीची. वसंतात बर्फ वितळतो तेव्हा पाणी या फरशीवर काही काळ थबकतं आणि उतारानं आडवं सरकतं. एरवी वरचा भाग कोरडा, झाडांना सुखाचा. शेजारच्या व्हरमाँटची 'टनब्रिज' मातीसुद्धा हिमनदीच्याच मालावरची, निचऱ्याची, पोयट्याची. पण तिच्याखाली फरशी नाही, मीटरभराच्या आत थेट कातळ लागतो. म्हणजे वरून दोन्ही सारख्या आणि पाण्याच्या वागणुकीत दोन वेगळ्या.

आपल्याकडं मातीला नाव देताना रंग बघतात आणि हात बघतात : काळी, तांबडी, पोयटा, चोपण. पाण्याचं काय होणार हे मात्र तळाशी काय आहे आणि उतार किती आहे यावर ठरतं. आबांच्या उतारावर फरशी नव्हती. मोकळी माती, तिच्याखाली खडी, तिच्याखाली सांधे असलेला मुरूम. तळं खणताना तर वरचा मीटरभर काढून टाकून थेट मुरमापर्यंत गेले होते. गाळणीचं वरचं फडकं काढून खालची जाळी उघडी केल्यासारखं.

तीन भोकांची परीक्षा

खात्रीसाठी तीन ठिकाणी हातभर खोल भोकं घेतली, रात्रभर पाणी भरून भिजवली आणि सकाळी घड्याळ लावून १५ सेंटिमीटर पाणी ओतलं. रानातल्या वरच्या मातीत ते १० मिनिटांत गडप झालं. तळ्याशेजारच्या उघड्या मुरमात तासभर लागला. तिसरं भोक उताराच्या पायथ्याशी, भाताच्या खाचरात. तिथं संध्याकाळपर्यंत पाणी जेमतेम दोन बोटं उतरलं.

खाचर वरच्याच मातीचं, ओघळीनं आणून टाकलेलं. पण तिथं पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी झालीय. चिखलणी म्हणजे दुसरं काय, ते लोहानं बांधलेले रवे बैलाच्या पायांनी आणि औतानं फोडायचे, भोकं बुजवायची, तळाशी घट्ट पापुद्रा बसवायचा. पाणी धरणारी माती आपल्या लोकांनी शोधली नाही, केली. खाचराच्या मातीत हातभर खाली करडे आणि गंजाचे डाग स्पष्ट होते.

आबांनी हे आधीच ताडलं होतं. पहिल्या पावसात त्यांनी तळ्यात सहा म्हशी सोडून तळ तुडवून घेतला होता. सुनेला ते तेव्हा हास्यास्पद वाटलं होतं. पण परीक्षेतल्या मुरमाच्या वेगानं तळं गळलं असतं तर एका दिवसात रिकामं झालं असतं. ते वीस दिवस टिकलं, ते वरून आलेल्या गाळामुळं आणि म्हशींमुळं. म्हशींचा उपाय चुकीचा नव्हता, त्याला तुडवायला पुरेसा चिकण मिळाला नाही, कारण तो सगळा जेसीबीनं उपसून बांधावर टाकला होता.

त्या बांधाची वेगळीच गंमत. खणताना माती उलटी पडली : गडद माती खाली गाडली गेली, मुरूम वर आला. बांधावर लावलेली जांभळाची चाळीस रोपं पिवळी पडून बसलीत, आणि चार पावलांवर, न हललेल्या मातीत, पक्ष्यांनी टाकलेल्या बियांची जांभळं कुणी न लावता छातीएवढी झालीत. १८ सेंटिमीटरचा तो वरचा थर बाजूला काढून ठेवा आणि शेवटी वर पसरा, एवढं जेसीबीवाल्याला कुणी सांगितलं असतं तर अर्ध्या दिवसाचं भाडं जास्त गेलं असतं, बस्स.

काय करायचं ठरलं

कंत्राटदाराचा सल्ला होता पंचगंगेकाठची काळी माती आणून अस्तर द्यायचं. चालेलही, पण उन्हाळ्यात तळं कोरडं पडलं की ती भेगाळणार आणि पुढच्या जुलैत पाणी त्याच भेगांतून जाणार. शिवाय साठ किलोमीटर माती वाहायची. दुसरा मार्ग ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद. त्यानं पाणी नक्की राहिलं असतं, आणि देशावर मी तोच सांगतो. पण हे रान दाजीपूर अभयारण्याला लागून. रात्री गवे येतात. गव्याच्या खुरापुढं कागद टिकत नाही, आणि समजा टिकला तर उतरलेलं जनावर त्या निसरड्या उतारावरून वर येत नाही. कुंपण घालायचं तर ते तळ्याच्या खर्चाला मागं टाकणार. मी कागदाला नको म्हटलं. कृषी खात्याच्या माणसाला ते पटलं नाही, आणि त्याची बाजूही अगदीच पोकळ नाही : एप्रिलमध्ये घरात हंडाभर पाणी नसेल तर गव्याचा विचार कुणी करायचा?

हा वाद मिटला तो उतार पायी उतरताना. खाचराच्या डोक्याला, तळ्यापासून पाऊणशे फूट खाली, एक झरा आहे. त्याच्या मागं कड्यात वीतभर जाडीची लालभडक, खापरासारखी पट्टी दिसते. लाव्ह्याच्या दोन थरांमधला हा गेरू. बारीक, चिकट, पाण्याला अडवणारा. वरून मुरमातून आणि फत्तराच्या सांध्यांतून उतरलेलं पाणी त्याच्यावर थबकतं आणि जिथं पट्टी उघडी पडते तिथं बाहेर येतं. न्यू हॅम्पशायरची फरशी इथंही होती की! फक्त कमरेएवढ्या खोलीवर नव्हे, अख्ख्या उताराच्या खाली.

म्हणून वरचं तळं तसंच ठेवलं, पाणी जिरवायला. ओघळ त्यातच सोडायची, बांधावर मुरमाऐवजी पाचोळा आणि खालून खणून काढलेली गडद माती. साठवायचं ते झऱ्यापाशी : दगडी कुंड साफ करून पाच हजार लिटरचं केलं, तिथून पाइपानं घरापर्यंत. खर्च कागदाच्या निम्म्यानं.

गेल्या साली झरा होळीला बारीक झाला होता. यंदा गुढीपाडव्यापर्यंत बरा चालला. पण यंदा परतीचा पाऊसही रेंगाळला होता, त्यामुळं हे तळ्याचं श्रेय की पावसाचं, ते एका वर्षात सांगता येत नाही. मी सुनेला तसं स्पष्ट सांगितलं. आबांना ते आवडलं नाही. ते गावात सगळ्यांना तळ्याचंच म्हणून सांगत फिरतात.

ती मात्र दर सोमवारी घड्याळ घेऊन झऱ्यावर जाते आणि एक कळशी भरायला किती सेकंद लागले ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते. परवाचा आकडा ५२ होता.